तुमच्या नाडीवरचे बारा ठोके

दिनांक ४ मार्च १९७४, सोमवार. रक्कम सव्वा रुपया. हजर तुम्ही, मी आणि वजनकाट्यावरचे लतीफभाई. वाडीच्या गोदामात, दुपारच्या सुट्टीत, रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर बसून ठराव झाला. तुम्ही मला श्वास शिकवायचा. माझी भीती गेली की मी तुम्हाला सव्वा रुपया द्यायचा. नाही गेली तर काही द्यायचं नाही. मी तो एका जुन्या चलानाच्या पाठीवर लिहून काढला, खाली सही केली आणि मालाची पावती द्यावी तसा कागद तुमच्यापुढे धरला.

तुम्ही तो हातात घेतला नाही. म्हणालात, "श्वासाचीबी बिल्टी फाडता का गा बाबू?"

दौलतराव मुकादम, काल तुमची तेरवी झाली. तो कागद माझ्या वहीत अजून आहे आणि मी पुन्हा घाबरायला लागलो आहे. हे तुम्हाला सांगायचं आहे. दुसऱ्या कोणाला सांगण्यात अर्थ नाही, कारण बाकी सगळे "घाबरू नका" म्हणतात. तुम्ही तसं कधीच म्हणाला नाहीत.

माझी भीती कशी होती ते तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत, त्या ठरावाच्या आठ दिवस आधी. गोदामात सिमेंटच्या थप्प्या लागल्या होत्या आणि दोन थप्प्यांमधल्या बोळात उभा राहून मी पोती मोजत होतो. दोनशे बारावर आकडा सुटला. बारा वर्षांच्या नोकरीत आकडा सुटण्याची ती पहिली वेळ. मग बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, छातीवर कोणी पोतं ठेवावं तसं झालं. माझे वडील बेचाळिसाव्या वर्षी जेवता जेवता गेले, हातात घास होता. मला बेचाळीस लागायला तीन महिने राहिले होते. मी समजलो की माझा नंबर तीन महिने आधी लागला.

तुम्ही मला बोळातून काढलंत, ट्रकच्या केबिनमध्ये बसवलंत आणि दवाखान्यात नेलंत. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तारा लावून कागदावर हृदयाची रेघ काढली आणि म्हणाले, "तुमचं हृदय ठीक आहे."

"मग हे काय झालं?"

ते चांगले होते, त्यांनी समजावून सांगितलं. माणूस घाबरला की भराभर श्वास घेतो. वाजवीपेक्षा जास्त घेतो, म्हणून अंगातला एक वायू वाजवीपेक्षा जास्त बाहेर पडतो. तो कमी झाला की मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नळ्या आकसतात. म्हणून चक्कर, म्हणून मुंग्या. मेंदू त्या मुंग्यांनाच संकट समजतो आणि आणखी भराभर श्वास घ्यायला लावतो. असं ते गोल फिरत राहतं.

"म्हणजे मी मरणार नाही, याची खात्री किती टक्के?" मी विचारलं.

"शंभर टक्के मी कशाचीच देत नाही," ते हसून म्हणाले.

त्यांनी ते गमतीनं म्हटलं होतं. मी त्यावर पाच रात्री झोपलो नाही. झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या मी मोजून डबीत ठेवल्या आणि एकही घेतली नाही, कारण झोपेत श्वास थांबला तर मला कळणार कसं?

तुम्हीच मग श्वासाची गोष्ट काढलीत. पारशिवनीकडच्या तुमच्या गावी तुम्ही तरुणपणी आखाड्यात जात होता. तिथले उस्ताद कुस्तीच्या आधी सगळ्यांना बसवून नाक धरायला लावायचे. कुस्तीत हरतो तो ताकदीनं हरत नाही, श्वास सुटतो म्हणून हरतो, असं ते सांगत. हमालीत आल्यावर तुम्ही तेच धरून ठेवलंत. क्विंटलभराचं पोतं पाठीवर घेताना तुम्ही श्वास सोडत होता. बाकीचे सगळे तो कोंडून घेत. हे मी रोज पाहत होतो आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

रीत साधी होती. पाठ सरळ. अंगठ्यानं उजवी नाकपुडी दाबायची, डावीनं चार ठोक्यांत श्वास घ्यायचा, मग डावी दाबून उजवीनं आठ ठोक्यांत सोडायचा. पुन्हा उजवीनं घ्यायचा, डावीनं सोडायचा. ठोके मोजायचे ते मनगटावर, नाडीचे. तुमच्या आखाड्यात कोणाजवळ घड्याळ नव्हतं, म्हणून उस्तादांनी नाडी ठरवली होती. नवीन शिष्यानं नारळ आणि सव्वा रुपया द्यायचा, हीही त्यांचीच रीत. नारळ तुम्ही मला माफ केलात.

"पन यानं डोक्यात काय होते, ते सांगा," मी म्हणालो. तुमच्याशी बोलताना माझीही भाषा तुमच्यासारखी व्हायची.

"मले काय माहीत? मी का डॉक्टर आहो?" तुम्ही म्हणालात. मग पोत्यातली एक काडी उपटून दातात धरली आणि म्हणालात, "डोक्याले थेट सांगून पाहा, घाबरू नको म्हनून. आयकते का? नाही आयकत. श्वासाले सांगा हळू चाल, तं तो आयकते. अन् श्वासाचं डोकं आयकते. इतलंच."

लतीफभाई काट्याच्या खिडकीतून म्हणाले, "और बीवी का कौन सुनता है मुकादम?"

"तिचं समदे आयकतात," तुम्ही म्हणालात.

पुढचे दोन महिने मी रोज दुपारी पंधरा मिनिटं बसत होतो. वहीत रकाने आखले. तारीख, बसण्याआधीची नाडी, उठल्यावरची नाडी, त्या दिवशी भीती आली की नाही, आली तर किती मिनिटं. बसल्यावर नाडी उतरायची, हे खरं होतं. श्वास घेताना ती थोडी पळते आणि सोडताना थोडी सावकाश होते, हेही मी बोटाखाली पकडलं. मला तेव्हा फार आनंद झाला. दवाखान्यात जाऊन त्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बरोबर आहे, मेंदूतून निघून छातीपोटापर्यंत जाणारी एक शीर असते. श्वास लांब सोडला की ती हृदयाला सावकाश चाल म्हणते. मी धावत येऊन तुम्हाला सांगितलं की तुमच्या उस्तादांचं बरोबर होतं. तुम्ही फक्त म्हणालात, "बरं झालं. त्यायले आता कळवतो कसा? तीस वर्सं झाली मरून."

पण भीती आली की हे काहीच चालत नव्हतं. शांत असताना उपाय लागू पडत होता आणि गरज असताना पडत नव्हता. उलट मी नाक धरून चार-आठ करायला लागलो की ती वाढत होती. बाजारात तीनदा, बसच्या रांगेत पाचदा, एकदा घरी पोळी वाढणाऱ्या माझ्या बायकोसमोर, सुमनसमोर. मी शेवटी वही तुमच्यापुढे उघडली आणि म्हणालो, "मुकादम, तुमचा हिशेब खोटा आहे. नऊपैकी नऊ वेळा गुण आला नाही."

तुम्हाला लागलं ते. तुम्ही डोक्याला फडकं बांधलंत आणि ट्रक उतरवायला गेलात. तीन दिवस आपण कामापुरतं बोललो.

चौथ्या दिवशी मला भीती तुमच्यासमोर आली. अमरावती रोडवरून ट्रक आत घेत होते, मी काट्याजवळ उभा होतो आणि पायाखालची फळी हलली. मला वाटलं, मीच हललो. मी तिथेच खाली बसलो, नाक धरलं, दुसऱ्या हाताची बोटं मनगटावर ठेवली आणि मोजायला लागलो. तुम्ही समोर उकिडवे बसलात. माझ्याकडे पाहत राहिलात, बराच वेळ.

"बाबू, कोनाच्या नाडीवर मोजून राहिले?"

"माझ्या," मी कसाबसा म्हणालो.

"ते तं घोडं उधळलं आहे. त्याच्याच टापा मोजून तुमी चालून राहिले."

मग तुम्ही माझी बोटं माझ्या मनगटावरून सोडवलीत आणि तुमच्या मनगटावर ठेवलीत. सिमेंटनं खरखरीत झालेलं, जाड मनगट. आत ठोका होता, तो इतका सावकाश की पहिल्यांदा मला सापडलाच नाही. "आता याच्यावर घ्या," तुम्ही म्हणालात.

त्या संध्याकाळी मी चलानाच्या मागे गणित केलं. भीतीत माझी नाडी मिनिटाला एकशे अठ्ठावीस होती. चार घेण्याचे आणि आठ सोडण्याचे, असे बारा ठोके साडेपाच सेकंदांत संपत. तुमची नाडी छप्पन. तुमचे बारा ठोके जवळजवळ तेरा सेकंद चालत. दोन महिने मी आकडा बरोबर ठेवून श्वास चुकीचा घेत होतो. भीती जितकी वाढेल तितकं माझं माप लहान होत होतं. मी ज्या मापानं भीती मोजत होतो ते मापच भीतीनं बिघडवलं होतं, आणि बारा वर्षं वजनकाट्याशेजारी बसलेल्या माणसाला हे दिसलं नव्हतं. काटा तपासल्याशिवाय मी ट्रक तोलू देत नाही.

तुमच्या मनगटावर त्या दिवशी भीती गेली नाही, पण तिचा जोर ओसरला. सात मिनिटांत मी उभा राहिलो. मी तुमची माफी मागायला हवी होती. "हिशेब खोटा" हे शब्द मी परत घेतले नाहीत. मी फक्त वहीत नवा रकाना आखला.

मग आपलं ते भांडण सुरू झालं, ते पाच वर्षं चाललं. मी म्हणत होतो की नाडीपेक्षा घड्याळ बरं. घड्याळाचा काटा घाबरत नाही. चार सेकंद घ्या, आठ सोडा, कोणाचं मनगट लागत नाही. तुम्ही म्हणत होता, "घड्याळ तुमच्याकडं पाहत नाही बाबू." मी म्हणायचो, पाहायची गरज काय? तुम्ही म्हणायचात, मेंदूले कळते कोन पाहून राहिलं ते. मी पुरावा मागायचो. तुम्ही काडी चावायचात. लतीफभाई म्हणायचे, "दोनों पागल हो।"

एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही. मी घड्याळावर करून पाहिलं होतं. तुमच्या नकळत, घरी, सव्वीस दिवस. भीती आली तेव्हाही केलं. चालत होतं, मुकादम. घड्याळावर माझा श्वास तुमच्या मनगटाइतकाच उतरत होता, वहीत दोन्ही रकाने आहेत, फरक जवळजवळ नाही. भांडण मी जिंकलो होतो. तरी मी रोज दुपारी पोत्यांवर येऊन बसत होतो आणि तुमच्यापुढे हात करत होतो. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मग आता काहून येता?

अधूनमधून तुम्ही विचारायचात, "बाबू, माहा सव्वा रुपया?"

"भीती आहे अजून."

"मंग राहू द्या. पक्का माल झाला की द्या."

मी बेचाळीस ओलांडलं, त्रेचाळीस ओलांडलं. भीती महिन्यातून चारदा येत होती ती दोनदा यायला लागली, पण ठरावात "गेली की" असं लिहिलं होतं, "कमी झाली की" असं नव्हतं. मी पैसे दिले नाहीत. आता वाटतं की देऊन टाकायला हवे होते. तेव्हा ते खोटं वाटलं असतं.

मग तुमचाच दम उखडायला लागला. तीस वर्षांचं सिमेंट, चुना आणि मिरचीची पोती तुमच्या छातीत बसली होती. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं. तुम्ही गोदामामागच्या भाड्याच्या खोलीत खाटेवर बसून राहायला लागलात. सुरुवातीला मी दर रविवारी येत होतो. तुमच्या श्वासाचा आवाज दाराबाहेर ऐकू यायचा, पत्र्याला काही घासावं तसा. तो ऐकला की माझी बोटं बधिर व्हायची. ज्यानं मला श्वास शिकवला त्याला श्वास पुरत नाही, मग मी कोणत्या भरवशावर होतो? मी एक रविवार चुकवला. मग दुसरा. सुमननं विचारलं तर सांगितलं, गोदामात साठा मोजायचा आहे. एकूण अकरा रविवार मी आलो नाही. मी गोदामातच होतो, तुमच्या खोलीपासून तीनशे पावलांवर.

बाराव्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, लतीफभाई माझ्या टेबलाशी आले. "मुकादम बुला रहे हैं. अभी चलो."

मी चलान पुरं केलं आणि मगच उठलो. ती पाच-सहा मिनिटं माझ्या नावावर आहेत.

खोलीत सरूवहिनी स्टोव्हजवळ बसल्या होत्या. तुम्ही खाटेवर पुढे वाकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर चढलेले. तुम्ही बोलू शकत नव्हता. मी तुमचं मनगट धरायला गेलो, सवयीनं. तिथे ठोका नव्हता असं नाही, पण तो पळत होता, अडखळत होता, दोन देऊन एक गिळत होता. त्यावर कोणाला काही मोजता आलं नसतं. मी हात मागे घेतला.

तुम्ही तो पकडलात. माझ्या डाव्या हातावरचं घड्याळ वर कोपराकडे सरकवलंत आणि त्या जागी बोटं ठेवलीत. मग माझ्याकडे पाहिलंत.

मला जे समजलं ते असं: तुमची नाडी बिघडली आहे आणि आता तुम्ही माझ्या नाडीवर मोजणार आहात. माझं काळीज तेव्हा काय करत होतं ते मला कानात ऐकू येत होतं. मला वाटलं, हे उधळलेलं घोडं मी या माणसाच्या हातात देतो आहे. यानं याच्यावर श्वास घेतला तर हा मरेल. हात काढून घ्यावा आणि पळावं, इतकंच डोक्यात होतं. दार दोन पावलांवर होतं.

मी श्वास सोडला. घड्याळ दिसत नव्हतं. मनगट तुमच्याजवळ होतं. मोजायला काहीच नव्हतं, म्हणून मी नुसता सोडला, संपेपर्यंत. मग घेतला. तुम्ही ओठ मुडपून, चहा फुंकावा तसा, सोडत होता. किती वेळ हे चाललं ते मी सांगू शकत नाही. माझ्या वहीत त्या दिवसाचा रकाना रिकामा आहे. वहिनींनी भात टाकला होता, तो शिजून त्यांनी उतरवला, एवढं आठवतं. तुमचे खांदे थोडे खाली आले होते. तुम्ही डोळे मिटलेत आणि मी निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लतीफभाई परत टेबलाशी आले आणि माझ्यापुढचं अर्धं लिहिलेलं चलान त्यांनी बाजूला ठेवलं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट घोकतो आहे. माझी नाडी त्या वेळी किती होती? नव्वदच्या आत असेल तर ठीक. एकशे वीस असेल तर मी तुमचा शेवटचा श्वास घाईनं घ्यायला लावला. डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, फुप्फुसंच संपली होती, तुमच्या नाडीनं काही फरक पडला नसता. "किती टक्के?" असं मी या वेळी विचारलं नाही. पण रात्री बोटं बधिर होतात. घड्याळ समोर धरतो, चार घेतो, आठ सोडतो. पूर्वी चालत होतं. या चौदा दिवसांत चाललेलं नाही.

काल तेरवीचं जेवण झाल्यावर मी भांडी उचलणाऱ्या वहिनींजवळ थांबलो. लतीफभाई बाहेर चपला घालत होते. मी विचारलं, "वहिनी, त्या दिवशी माझा हात कापत होता का?"

"लटलट कापून राहिला होता," वहिनी म्हणाल्या. "मले वाटलं, तुमीच पडता आता."

"त्यानं त्यांना त्रास झाला असेल."

त्यांनी ताट खाली ठेवलं. "त्यायले कायचा त्रास? त्यायनंच बलावलं होतं तुमाले. सकाळपासून एकच, बाबूले बलाव, बाबूले बलाव. मी मनलं, काहून, काय काम आहे? तं मने, मी गेलो का तो लय घाबरन. त्याची नाडी पाह्यची आहे."

मी खाली ठेवलेलं ताट उचलून भांड्यांच्या ढिगावर ठेवलं.

"तुमी गेल्यावर पानी मांगतलं. मंग मने, बाबूची पहिले लय पळत होती, मंग बसली जाग्यावर. हातात काहीच नव्हतं धरायले, तरी बसली. इतलं बोलायले त्यायले घंटाभर लागला असन. एक शब्द बोलत, मंग थांबत."

म्हणजे तुम्ही माझ्या नाडीवर श्वास घेत नव्हता. तुम्ही ती तपासत होता. घड्याळ वर सरकवलंत ते म्हणूनच, आणि स्वतःचं मनगट दिलं नाहीत तेही म्हणूनच. आपलं भांडण तुम्ही तसं मिटवलंत: घड्याळही नको आणि दौलतरावही नको. श्वासाचा तुटवडा असताना तुम्ही तो यासाठी खर्च केलात आणि मी दाराकडे पाहत होतो.

नाडी बसली, असं तुम्ही म्हणालात. तुमचा काटा मी कधी चुकताना पाहिलेला नाही, म्हणून मी ते मान्य करतो. हिशेब खोटा होता, हे शब्दही परत घेतो. पण भीती गेली, असं मी लिहू शकत नाही. हे लिहितानाही ती आहे, डाव्या हाताच्या दोन बोटांत. ठराव ठराव आहे.

काल तिथेच, वहिनींसमोर, मी खिशातून पैसे काढले. वहिनी म्हणाल्या, "हे कायचे?" मी सांगितलं, शिकवणीचे. लतीफभाई दारातून म्हणाले, "सव्वा था ना बाबूजी?" मी म्हणालो, हो, सव्वाच होता.

एक रुपया सरूवहिनींच्या हातावर ठेवला. पंचवीस पैसे माझ्याकडे आहेत, पक्का माल होईपर्यंत.